नवा चक आणि सात रेघा

टर्नरकाकांनी लेथ विकायचं ठरवलं ते सकाळच्या चहाच्या वेळी. काकूंनी साखरेचा डबा पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "नको. आणि लेथही नको आता."

काकूंनी डबा खाली ठेवला. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने साखर बऱ्याचदा सोडली होती आणि बऱ्याचदा परत धरली होती. लेथ मात्र एकदाही सोडलं नव्हतं. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये ते एकच लेथ आणि त्याच्यासमोर जरासे वाकलेले काका, हे गल्लीला इतकं पाठ होतं की नव्या माणसाला पत्ता सांगताना लोक 'लेथच्या पुढचं तिसरं घर' असंच सांगायचे.

गेल्या दोन महिन्यांत काकांचं काम बिघडत चाललं होतं. आधी पंपाचा दांडा वाकडा उतरला, मग शिलाई मशीनचं चाक. आता कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंचा शाफ्ट होता. त्यांच्या पीठ मळायच्या यंत्राचा शाफ्ट तुटला होता आणि चार दिवस बाई हाताने पीठ मळत होत्या. त्यांचा उजवा खांदा एव्हाना डाव्यापेक्षा खाली आला होता. उद्या संध्याकाळपर्यंत शाफ्ट झाला नाही तर शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात देते, तिथे म्हणे कॉम्प्युटरच सगळं करतो, असं त्या चांगल्या शब्दांत सांगून गेल्या होत्या. चांगल्या शब्दांत सांगितलं म्हणूनच काकांना ते जास्त लागलं होतं.

शाफ्ट वीतभर लांबीचा, एका टोकाला चौकोनी बूड. अशी चौकोनी वस्तू लेथवर धरायची तर चार जबड्यांचा चक लागतो. चक म्हणजे लेथची मूठ. त्यात काम घट्ट धरायचं, चक गरगर फिरतो आणि पुढे उभी असलेली पाती लोखंड तासत जाते. तीन जबड्यांचा चक शहाण्या मुलासारखा असतो. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे कवायतीत चालल्यासारखे एकदम आत येतात. चार जबड्यांचं तसं नाही. प्रत्येकाचा स्क्रू वेगळा, प्रत्येकाची मर्जी वेगळी. एकाला कसायचं तर समोरच्याला आधी सैल सोडावं लागतं. काकू म्हणायच्या, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही, मी चार जावांच्या घरात नांदले आहे.

काम बरोबर मध्यावर धरलं गेलंय की नाही, ते सांगते डायलची सुई. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, डोक्यावरच्या एका केसाची उभी सात छकलं केली तर त्यातलं एक. काकांनी आयुष्यभर एका रेघेच्या वर चूक खपवून घेतली नव्हती. आता काही केलं तरी सुई चार रेघा हलत होती.

"डोळे असतील," काकू म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर बघून या."

"सुई दिसते मला. चार रेघा स्पष्ट दिसतात. हात गेले माझे."

काकूंनी कालच्या वर्तमानपत्राच्या आठ पातळ पट्ट्या कापल्या आणि शेडमध्ये गेल्या. चकात एक गोल सळई धरली, प्रत्येक जबड्याखाली दोन पट्ट्या ठेवल्या, एक तोंडाशी आणि एक आत मुळाशी, आणि चारही स्क्रू कसले. मग काकांना हाक मारली. आतल्या चार पट्ट्या ओढल्या तर फाटल्या. तोंडाकडच्या चार मात्र अलगद, लोण्यातून सुरी यावी तशा बाहेर आल्या.

एकोणतीस वर्षं लोखंड चावून चावून जबड्यांची तोंडं घंटेसारखी फाकली होती. चक घशाने पकडत होता. ओठ नुसतेच टेकलेले.

काकांनी त्या चार अखंड पट्ट्यांकडे खूप वेळ पाहिलं. ही बाई शेडमध्ये केवळ चहा द्यायला येते असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. पण मन मानेना. चक फाकला तसा मीही फाकलो असेन, ते म्हणाले. शेवटी असं ठरलं की नवा चक आणायचा. त्यावर सुई शून्यावर थांबली तर दोष चकाचा. नाही थांबली तर दोष काकांचा, आणि लेथला गिऱ्हाईक बघायचं. काकूंनी हे लगेच कबूल केलं, कारण त्यांना निकाल माहीत होता.

इथपर्यंत सगळं दोघांत होतं. पण चक आणायला वाहन हवं, आणि वाहन काकूंच्या धाकट्या भावाकडे होतं.

हा भाऊ एका मोठ्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेला. एकतीस वर्षं त्याने एका खिडकीतून चक बाहेर दिले आणि परत आत घेतले. कुठल्या चकाचं वजन किती, नंबर काय, तो कोणत्या कप्प्यात राहतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. फिरणारा चक मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्या मतांना कुठेच अडथळा नव्हता.

"दाजी, घ्यायचा तर बारा इंची घ्या," तो दुकानात शिरताशिरताच म्हणाला. "लहान काम मोठ्यात बसतं. मोठं लहानात बसत नाही."

"हा पातेल्याचा नियम झाला," काका म्हणाले. चकाचं सगळं वजन मागच्या बेअरिंगवर लोंबकळतं, जबडे उघडले की खाली लेथच्या पाठीवर आपटतात, हे त्यांनी शांतपणे समजावलं. एवढा चक आपण फिरवला तर लेथ जागेवर राहील आणि शेड फिरेल.

आठ इंची चक मागवले. दुकानदाराने चार खोकी उघडून काउंटरवर मांडली आणि मग काकांनी डोळे मिटले. मेहुण्याला वाटलं त्यांना चक्कर येतेय, त्याने स्टूल पुढे केलं. काकांनी स्टुलाकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पहिल्या चकाच्या पहिल्या स्क्रूत चावी घातली, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. मग दुसरा स्क्रू, तिसरा, चौथा. प्रत्येक जबडा दोन बोटांत धरून हलवून पाहिला, आजारी माणसाची नाडी बघावी तसा. पहिला चक बाजूला झाला. दुसराही. दुकानदार फोनवर कुणाला तरी ओरडत होता, त्याचा आवाज आपोआप खाली आला आणि मग त्याने फोनच ठेवला. एक गिऱ्हाईक खिळे मागायला आलं होतं, तेही थांबलं. तिसरा चक बाजूला झाला तेव्हा दुकानात पंख्याशिवाय काहीच हलत नव्हतं.

चौथ्या चकाच्या चौथ्या स्क्रूवर काकांची चावी थांबली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते हसले.

"हा."

"कशावरून?" दुकानदाराने विचारलं. तो गेली वीस वर्षं चक विकत होता.

"चौघे वेगवेगळे आहेत, पण एका आईचे वाटतात."

खिळेवाला खिळे न घेताच गेला.

चक अठरा किलोचा. तो स्कूटरच्या पायाशी ठेवल्यावर मेहुण्याच्या पायांना जागा उरली नाही, म्हणून त्याने ते दोन्हीकडे पसरून धरले. पसरलेल्या पायाला ब्रेक सापडत नाही हे त्याला गल्लीच्या तोंडाशी समजलं. स्कूटर काकूंच्या दारातली कुंडी फोडून थांबली. चक जागचा हललाही नाही. "वजन पाहिलंत ना," मेहुणा काकांना म्हणाला, जणू तो चक त्यानेच ओतला होता.

शेडमध्ये उजेड कमी म्हणून चक धुवायला स्वयंपाकघरात आला. नवा चक गंजू नये म्हणून त्याला घट्ट, पिवळं ग्रीस थापून पाठवतात. काकूंनी टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, चारही जबडे काढले आणि चार ताटल्यांत चार ठेवले. प्रत्येक जबड्यावर नंबर असतो आणि चकातल्या प्रत्येक खाचेवरही. एकाचा जबडा दुसऱ्याच्या खाचेत गेला तर जातो खरा, पण मग ते घर सुखाने नांदत नाही. काकूंनी दाताच्या जुन्या ब्रशने आणि रॉकेलने स्क्रूचा एकेक आटा उजळवला. मेहुण्याने नवं ग्रीस भरपूर लावायचा आग्रह धरला. काकूंनी त्याचा हात बाजूला सारला. ग्रीस भरलं की त्यात लोखंडाचा बारीक कीस बसतो आणि आतून कानशीसारखा घासत राहतो. तेल हवं ते काजळाइतकं, चंपीइतकं नको.

मग त्यांनी चक पालथा केला. पाठीवर अंगठ्याएवढा चंदेरी स्टिकर होता. 'तपासले. अचूक.' आणि खाली एक लांबलचक नंबर. काकूंनी त्याच्या कडेला नख लावलं आणि भावाने त्यांचं मनगट धरलं.

"ताई, वेडी आहेस का? स्टिकर काढलास की गॅरंटी गेली."

यावर वाद घालणं कठीण होतं. ज्या वस्तूवर स्टिकर नाही ती वस्तूच नाही, या एका श्रद्धेवर या माणसाची एकतीस वर्षं निघाली होती. त्याच्या घरी फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक नऊ वर्षं तसंच होतं आणि सुनेने एकदा ते सोलायला घेतलं तेव्हा तो जेवला नव्हता. काकू त्याला काहीतरी सांगणार होत्या, तेवढ्यात मागे दूध उतू गेलं. त्या शेगडीकडे धावल्या, शेगडी पुसली, ओटा पुसला, जमीन पुसली. वळून पाहतात तो टेबल रिकामं. भाऊ चक पोटाशी धरून शेडमध्ये पोचलाही होता.

शेडमध्ये काकांनी लेथच्या पाठीवर लाकडाची फळी टाकून ठेवली होती, चक निसटलाच तर फळीवर पडावा म्हणून. ज्या लोखंडी पाटीवर चक मागून बसतो ती पाटी त्यांनी तळहाताने तीनदा पुसली. कापडाला न सापडणारा कण हाताला सापडतो. मग त्यांनी मेहुण्याला विचारलं, "मागून पुसलंय ना?"

"लखलखीत," मेहुणा म्हणाला. आणि स्टिकर खरोखरच लखलखत होता.

चक बसला, बोल्ट कसले गेले, चौकोनी बूड जबड्यांत धरलं गेलं आणि काकांनी डायल लावली. काकू ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी चक हाताने सावकाश फिरवला. सुई पन्नास रेघा गेली आणि आली. समोरचा जबडा जरा सैल, इकडचा जरा घट्ट. सुई वीसवर आली. आता आडवी जोडी. नऊ. पुन्हा उभी. चार. काकांच्या हातातली चावी आता फिरत नव्हती, नुसता दाब बदलत होता. दोन. एक. मग सुई शून्यावर आली आणि पूर्ण फेरा झाला तरी तिथून हलली नाही. बाळाला थोपटून थोपटून शेवटी ते झोपतं आणि मग हात काढायचीही भीती वाटते, तसे तिघे उभे राहिले.

"झालं की," मेहुणा कुजबुजला.

काकांनी नकारार्थी मान हलवली. हे चकाजवळचं झालं. त्यांनी डायल सरकवत शाफ्टच्या लांबच्या टोकाला नेली आणि चक फिरवला.

सुई सात रेघा हलली.

काकांनी तांब्याच्या हातोडीने टोकाला हलकेच टिचकी दिली. सुई शून्यावर आली. जबडे कसले. सुई सातवर गेली. त्यांनी काम काढून परत धरलं, पुन्हा पहिल्यापासून. जवळ शून्य, लांब सात. दुसरी सळई धरली. जवळ शून्य, लांब सात. जुन्या, फाकलेल्या चकावर चार होत्या. नव्याकोऱ्या चकावर सात. दुपार गेली. बेकरीवाल्या बाई एकदा डोकावून गेल्या. त्यांचा उजवा हात आता गळ्यातल्या ओढणीत होता.

पाचव्या वेळी काकांनी डायल काढून तिच्या लाकडी पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि लेथवर जुनी चादर घातली. चादर चारही बाजूंनी नीट ओढून सारखी केली.

"ठरलं होतं तसं झालं," ते म्हणाले. "चक चांगला आहे. माझ्या हाताला कळलं होतं दुकानात. आणि तरी ही सुई हलते, म्हणजे हलतोय मी."

निकाल माहीत होता म्हणून काकूंनी पैजेला हो म्हटलं होतं. लेथ गेलं तर हा माणूस सकाळी उठून कुठे उभा राहील, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. आता त्यांना तो दिसला, चहा पिऊन झाल्यावर रिकाम्या शेडच्या दारात, जरासा वाकलेला, समोर काहीच नसताना.

मेहुण्याला मात्र अशा वेळी काय करायचं ते नेमकं माहीत होतं. त्याने वही काढली. लेथला गिऱ्हाईक बघू सावकाश, पण चक आजच्या आज दुकानात परत द्यायचा. सात रेघा म्हणजे सरळ सरळ खराब माल. फॉर्म भरायचा, कारण लिहायचं, नंबर टाकायचा. तो पेन उघडून उभा राहिला.

"एवढा काढून द्या दाजी. नंबर घ्यायचाय. स्टिकर मागे आहे ना."

काकांनी चादर सोडली. "कुठे मागे?"

"मागे, पाठीवर. चक आणि ती पाटी यांच्या मधे. काळजी करू नका, मी हात लावू दिला नाही कोणाला."

बाहेर कोणाची तरी बादली भरून वाहू लागली. काकूंनी भावाकडे पाहिलं. भावाने वहीकडे पाहिलं. काकांनी चादर काढली, फळी टाकली, बोल्ट सोडले आणि चक उतरवून पालथा केला.

स्टिकर जागेवर होता. 'तपासले. अचूक.' कसल्या गेलेल्या बोल्टांखाली दबून तो अधिकच सपाट आणि आत्मविश्वासू दिसत होता. काकांनी नखाने तो अखंड सोलला, मायक्रोमीटरच्या दोन टोकांत धरला आणि खिडकीशी नेऊन वाचलं.

"सहा रेघा जाड," ते म्हणाले. त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. "चक एका अंगाला सहा रेघा उचलला गेला. म्हणून जवळ कळत नव्हतं. लांब गेल्यावर दिसत होतं. बरोबर सांगत होती ती सुई. दिवसभर बरोबर सांगत होती आणि मी तिलाच पेटीत घातलं."

मेहुण्याचा चेहरा पडला. "पण त्याच्यावर अचूक लिहिलंय, दाजी."

"अक्षर चांगलं आहे," काकू म्हणाल्या.

चक पुन्हा बसला तो उघड्या पाठीने, काकूंनी तळहाताने स्वतः पुसून. डायल पेटीतून बाहेर आली. पन्नास, वीस, नऊ, चार, एक. जवळ शून्य. काकांनी डायल लांबच्या टोकाला नेली आणि मग त्यांना चक फिरवता येईना. हात चकावर ठेवून ते नुसते उभे राहिले. शेवटी काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो फिरवला.

सुई थांबलेली होती. मेहुणा वाकला, चष्मा काढला, परत घातला. त्याने खिडकीतून हजारो चक दिले होते. त्यातला प्रत्येक चक कुठेतरी जाऊन हे करत होता, हे त्याला आज कळत होतं. अठरा किलो लोखंड फिरत होतं आणि त्याच्या टोकाशी केसाच्या सातव्या छकलाएवढंही काही हलत नव्हतं.

"हे रोज असंच व्हायचं?" त्याने हळूच विचारलं.

"रोज," काका म्हणाले आणि लेथ सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघेही शाफ्ट घेऊन बेकरीत गेले. एरवी काका एकटेच गेले असते, पण काकूंना यायचं होतं आणि मेहुणा स्टिकरची भरपाई म्हणून शाफ्ट स्वतः, दोन्ही हातांवर, फुलांसारखा धरून चालला होता. काकांनी तो बसवला. बाईंनी बटण दाबलं आणि कान देऊन ऐकू लागल्या. मग त्यांनी बटण बंद करून परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर त्या ओशाळून म्हणाल्या, "काका, चालू होत नाही हो."

काकांनी त्यांचा बरा असलेला हात धरून यंत्राच्या अंगावर टेकवला. बाईंनी झाकण उचलून आत पाहिलं. पीठ निमूटपणे गोल फिरत होतं. अठरा वर्षं ते यंत्र खडखडत आलं होतं आणि ते तसंच असतं असं बाई समजत होत्या. त्या झाकण हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या सकाळी नऊ वाजता त्या शेडच्या दारात आल्या, कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या. शाफ्ट उत्तम चाललाय, त्यांनी आधीच सांगून टाकलं. पीठ इतकं छान आयुष्यात मळलं गेलं नव्हतं. पाव इतके फुगले की कपाटाचं दार लागेना. पण घ्यायला कोणी आलंच नाही. समोरचे शाळामास्तर साडेआठला उठले. न्हाव्याचं दुकान अजून बंद आहे. पोस्टमन आत्ता, मी येताना, दात घासत होता. अख्खी गल्ली म्हणे पहाटे त्या खडखडीनेच उठायची, मधले दिवस माझ्या पीठ आपटण्याने, आणि हे कोणालाच, स्वतः गल्लीलाही, माहीत नव्हतं. आता सगळे मिळून बेकरीपुढे उभे आहेत आणि मला बोलताहेत.

"म्हणून म्हटलं," बाई ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "पूर्वीइतकं नको, पण थोडंसं बिघडवून मिळेल का? तीनचार रेघा असं काहीतरी तुम्ही म्हणत होता."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

काकांनी हातातली चावी बाकावर ठेवली. दोन्ही तळहात उजेडाकडे धरून त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, अगदी प्रामाणिकपणे, गिऱ्हाइकाचं काम जमेल की नाही याचा अंदाज घ्यावा तसे. मग ते खरोखरच्या खेदाने म्हणाले,

"करून बघतो, बाई. पण शब्द देत नाही. तेवढं चुकायला आता जमेल असं वाटत नाही."